खुब्यातला आवाज

मी तशी भित्री बाई नाही. नवरा सीमेवर, मी इथे चिलारवाडीत सासू-सासऱ्यांपाशी. गोठ्यात साप निघाला तर काठी घेऊन मीच पुढे होते, आणि ग्रामसभेत सरपंचाला तोंडावर चार शब्द सुनवायलाही मागेपुढे बघत नाही. पण आता मला हाडांची भीती वाटते. भुताखेताच्या हाडांची नव्हे हो. जिवंत माणसाच्या अंगातल्या, चालत्या-फिरत्या हाडांची. कारण मी ती ऐकते. पगारच मला त्याचा मिळतो.

तालुक्याच्या हाडतपासणी केंद्रात मी तंत्रज्ञ आहे. आसपासच्या वाड्यांमधली भरतीची तयारी करणारी सगळी पोरं-पोरी माझ्याकडे येतात. मी कानाला हेडफोन लावते, ती जागेवर उड्या मारतात, आणि त्यांची हाडं काय म्हणतात ते मी लिहून घेते. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण काम असं आहे.

हाड म्हणजे दगड नव्हे, हे आधी समजून घ्या. माणूस पळतो तेव्हा दर पावलाला खुब्यावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो आणि हाडात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा जातात. त्यात वाईट काही नाही, त्या बुजतात आणि हाड आणखी बळकट होतं. पण बुजवायची रीत विचित्र आहे. रस्त्यावरचा खड्डा बुजवायला आलेली माणसं आधी तो चांगला चौकोनी खणून मोठा करतात ना, तसं. एका जातीच्या पेशी येतात आणि भेगेभोवतीचं हाड खाऊन टाकतात. दुसऱ्या जातीच्या पेशी मागाहून येऊन तिथे नवं हाड भरतात. खाणाऱ्या झपाट्यानं खातात, भरणाऱ्या आपल्या निवांत भरतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं झालेलं असतं. आणि नेमका तेव्हाच पोरांचा दम वाढलेला असतो, मांड्या-पोटऱ्या तयार झालेल्या असतात. त्यांना वाटतं, आता आपल्याला कोण अडवतंय. मग एक दिवस पळता पळता पाय मोडतो आणि भरती राहते बाजूला, पोरगं काठीवर येतं.

म्हणून पट्टी आली. रुपयाच्या नाण्याएवढी, कातडीच्या रंगाची, खुब्याखाली मांडीच्या बाहेरच्या अंगाला चिकटवायची. भेग पडताना हाड एक आवाज करतं, आपल्या कानांना ऐकू येणार नाही इतका बारीक. पट्टी तो धरते, मोजते आणि फोनवर रंग दाखवते. हिरवा असला तर पळा, पिवळा असला तर घरी बसा, लाल आला तर सरळ दवाखाना. पुढे भरतीचा नियमच झाला की मैदानावर उभं राहायचं तर मागच्या काही महिन्यांची पट्टीची नोंद लागेल. पिवळ्या दिवशी आराम केलेला दिसला पाहिजे, आणि लाल आला तर ते वर्ष बाद. नियम चांगल्यासाठीच होता. पोरांनी जिवावर उदार होऊन पळू नये, एवढंच त्यामागे होतं.

पण आपली माणसं कुठल्या गोष्टीचं काय करतील सांगता येत नाही. दोन वर्षांत लग्नाच्या बायोडाट्यात उंची आणि शिक्षणाखाली 'हाडं: हिरवी' असं लिहायला लागले लोक. बायका दळण आणायला जाताना एकमेकींना पोराचा रंग विचारायच्या. पिवळा आला की पोरं दोन दिवस पारावर तोंड दाखवायची नाहीत. पाय मोडायची भीती कुणाला उरलीच नव्हती. सगळे रंगाला भ्यायचे.

आता माझी नणंद दुर्वा. घरातलं शेंडेफळ, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ओच्यातलं खोबरं पळवणारी पोर. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मी त्यांना मामा म्हणते, फौजेत सुभेदार म्हणून उमर काढली आणि निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या माळावर पोरांना भरतीसाठी तयार करायला लागले. मामांनी लष्करात कितीतरी पाय मोडलेले पाहिले होते. पट्टीवर त्यांचा देवासारखा विश्वास. ज्याची पिवळी, त्याला ते माळावर पाऊल टाकू द्यायचे नाहीत, मग तो आमदाराचा पोरगा असो नाही तर घरची लेक. दुर्वा दोनदा मैदानावर जाऊन थोडक्यात हुकली होती. वयाच्या अटीत बसायचं तर हे तिचं शेवटचं वर्ष. घरात वर्दी चढवणारी पहिली बाई व्हायचं, याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

पावसाळा संपत आला तेव्हा ती एकदा मोरीत कपडे धुताना मला हसत म्हणाली की कटकट गेली वहिनी, चार महिने झाले, पाळीच नाही. मी तिला विचारलं की पोटभर खातेस का. तर म्हणे, खाल्लं की जड वाटतं, दम लागतो. पळणं जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि पाळीबरोबर ते रसही आटतात ज्यांच्या जोरावर हाड भरणाऱ्या पेशी कामाला येतात. खाणाऱ्यांना मात्र सुट्टी नसते. मी तिला हे समजावलं, रागावले, ताटात दोन भाकरी जास्तीच्या वाढल्या, त्या तिने कुत्र्याला घातल्या. केंद्रावर येऊन ऐकवून जा म्हटलं, तर म्हणायची, घरचंच केंद्र आहे, कधीही ऐक. वर फोन माझ्या नाकासमोर धरायची. हिरवागार. रोज हिरवा. मी डोळ्यांनी तिची गालफडं बसलेली बघत होते आणि त्या हिरव्यापुढे गप्प बसत होते.

त्यात नवरात्र आलं. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता की लेक भरती झाली तर ओटी भरीन, आणि त्याआधी लेक नऊ दिवस नुसत्या पाण्या-फळांवर राहील, पायात काही घालणार नाही. मी म्हटलं, आत्या, मैदान तोंडावर आलंय, हा उपवास मी करते, नवस माझ्या नावावर घ्या. त्या म्हणाल्या की नवस असे बदलता येत नसतात. दुर्वाने तर बूट त्याच दिवशी माळ्यावर टाकून दिले.

घट बसून तिसरा की चौथा दिवस होता. सुट्टी होती म्हणून मी घरात. मामा माळावर पोरांना घेऊन. आत्या देव्हाऱ्यापुढे पाट टाकून घटाची माळ करत बसल्या होत्या, पुढ्यात कारळ्याच्या पिवळ्या फुलांचा ढीग. मी चुलीपाशी शेंगदाणे भाजत होते आणि एका हाताने फोनवर पोरांच्या पट्ट्या चाळत होते. सवयच ती. दुर्वाचं नाव आलं. पट्टी सांगत होती की ती बसलेली आहे, आराम करते आहे, रंग हिरवा.

दुर्वा तर तासाभरापूर्वी पायी देवीला जाते म्हणून गेली होती. मला वाटलं, वाटेत कुठे बसली असेल. तेवढ्यात आत्या सुई शोधायला उठल्या आणि माझ्या फोनवरची, पट्टीची हालचाल दाखवणारी रेघ उडाली. त्या कपाटापाशी गेल्या, रेघेवर पावलं उमटली. त्या परत येऊन बसल्या, आणि रेघ झोपली.

मी शेंगदाणे करपू दिले. मी हळूच म्हटलं, आत्या, जरा पाणी द्या की, माझे हात भरलेत. आत्या उठल्या. रेघ उठली.

पट्टी माणसाला चालीवरून ओळखते. पाऊल पडायची लय, वजन कुठल्या बाजूला जास्त पडतं, यावरून ती ठरवते की आपण योग्य अंगावर आहोत. परक्याच्या मांडीला लावली तर लगेच बोंब मारते. पण आत्यांची आणि दुर्वाची चण एक, चालही एक. दोघी डाव्या पायावर जराशा झुकून चालतात, हे तर गावात कुणीही सांगेल. मशीनला मायलेकी वेगळ्या करता आल्या नाहीत.

मी आत्यांच्या पुढ्यात जाऊन बसले आणि विचारलं. त्यांनी सुईत दोरा ओवून पुरा केला, मग मान खाली घालून सांगितलं. पिवळी आली की सुरुवातीला एखादा दिवस दुर्वाने पट्टी आईच्या मांडीला लावली होती. स्वतः बिनपट्टीची पळून यायची. परत लावली की पट्टी आणखीच पिवळी व्हायची, मग पुन्हा आईला. असं करत करत गेला महिनाभर पट्टी आईच्याच अंगावर होती.

"माझी पोरगी आराम करत न्हाई," आत्या म्हणाल्या. "मग तिच्या वाटचा आराम मी केला. आईनं केला तर काय बिघडलं?"

त्या माउलीला खरंच वाटत होतं की आराम असा दुसऱ्याच्या नावावर करता येतो, नवसासारखा. नवस दुसऱ्याच्या नावावर होत नाही म्हणणारी हीच बाई. मला तिचा राग आला. मी एकच विचारलं, ती आत्ता कुठे आहे? त्या म्हणाल्या, कॅनॉलवर.

मी पट्टीतला आवाज हेडफोनमध्ये ऐकवणारी केंद्राची पेटी आणि एक कोरी पट्टी पिशवीत टाकली आणि गाडीला किक मारली. कॅनॉलच्या कडेचा मुरमाचा रस्ता सरळ आहे, लांबूनच ती दिसली. अनवाणी. पळत होती, पण उजवा पाय टेकताना दर वेळी कंबर एकीकडे टाकत होती, आणि एक मूठ जांघेत दाबून धरली होती. मी आडवी गाडी घातली तेव्हा थांबली. घामाने चिंब, ओठ पांढरे.

दुखतंय का विचारलं तर म्हणाली, जांघेत थोडं, पंधरा दिवस झाले. बाबांना बोलली नाहीस? तर मान वळवून म्हणाली, त्यांनी लंगडताना बघून विचारलं होतं, तर मी सांगितलं पाळीचं आहे, मग ते दुसरीकडे बघायला लागले. ज्या पाळीला महिनोन्‌महिने पत्ता नव्हता तिच्याच आडोशाला पोर लपली होती. कुठला बाप त्यापुढे लेकीला विचारतो? आणि कुठली लेक बापाला जांघ दुखते म्हणून सांगते? गुडघा असता तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

मी तिथेच, बाभळीच्या आडोशाला, तिला कोरी पट्टी लावली आणि हेडफोन घातले. चांगलं हाड उडी मारली तरी क्वचित एखादा टिच आवाज करतं. दुर्वाने नुसतं वजन या पायावरून त्या पायावर टाकलं, आणि माझ्या कानात तापल्या तेलात मोहरी टाकावी तसं तडतडलं. थांबलं. तिने पुन्हा वजन टाकलं, पुन्हा तडतडलं. नोकरीच्या एवढ्या दिवसांत मी असं ऐकलं नव्हतं. मी बाभळीला धरलं.

मी म्हटलं, हलू नकोस, मी मामांना बोलावते. ती हसली. मशीन काहीही सांगतं म्हणाली. मैदानाला बारा दिवस राहिलेत, नंतर झोपून राहीन महिनाभर, आत्ता सरक. मी हात धरला, तिने झटकला. शपथा घातल्या, रडले, शिव्यासुद्धा दिल्या. ती परत रस्त्यावर निघाली. माझ्यात तिला उचलायची ताकद नव्हती, आणि मामा येईपर्यंत ती दोन फेऱ्या मारणार होती.

मग मी ते केलं. पोरांना आवाज ऐकवायचा नाही, असा केंद्राचा नियम आहे. मी मागून जाऊन माझे हेडफोन तिच्या कानांवर दाबून बसवले. म्हटलं, पळ की. आता पळ.

तिने उजवा पाय टाकला.

तिच्या तोंडावरचं रक्त उतरताना मी बघितलं. डावा पाय उचललेला होता तो तिने तसाच पटकन खाली टेकवला आणि उजवा वर घेतला, विस्तवावर पडल्यासारखा. माझा खांदा दोन्ही हातांनी असा धरला की पुढे आठवडाभर माझ्या खांद्यावर नखांचे व्रण होते. "वहिनी," ती म्हणाली, "हे मी आहे?" मी हो म्हटलं. त्यानंतर तिने तो पाय जमिनीला लावला नाही. मी फोन केल्यावर मामा पोरांची जीप घेऊन आले, त्यांनी काही न विचारता तिला लहान पोरासारखी उचलली. तिच्या अंगावरून मी काढलेली पट्टी त्यांनी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी जीपमध्येच त्यांना सगळं सांगितलं.

साताऱ्याला डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. मांडीच्या हाडाची मान असते, खुब्याच्या गोळ्याला जोडणारी. तिच्या वरच्या अंगाला भेग आरपार जायला आली होती. आणखी थोडं पळली असती तर मान निखळली असती, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असता आणि या वयात खोटा खुबा बसवावा लागला असता, असं बाई म्हणाल्या. त्याच दिवशी तीन स्क्रू घातले. ती शुद्धीवर यायच्या आधी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून तिच्या नावापुढे लाल भरला. मला कुणी भर म्हटलं नव्हतं आणि भरू नको असंही कुणी म्हटलं नाही. मामांनी बघितलं आणि ते चहा प्यायला म्हणून खाली निघून गेले.

इथवर मला वाटत होतं की आपण वाचवलं. भरती गेली, पण पाय राहिला.

हाड जुळलं. बाईंनी फोटो बघून सांगितलं की आता कुबड्या सोडा, वजन टाका, चाला. दुर्वाने पाय टेकवला नाही. उद्या टाकते म्हणाली. मग परवा. मग बोलायचीच बंद झाली. मी समजावायला गेले की ती हात वर करून मला गप्प करायची आणि कान देऊन ऐकत राहायची. खाट करकरली की दचकायची. कुणी पापड मोडला की दोन्ही हात मांडीवर जायचे. मी एकदा बोलता बोलता आत्यांना मोहरीचं सांगून बसले होते, आत्यांनी दुसऱ्या दिवसापासून फोडणीत मोहरी घालणं बंद केलं. आमच्या घरात सगळी माणसं पायाचा आवाज न करता वावरायला लागली. माळावर पोरांना ओरडून ओरडून पळवणारे मामा लेकीला उचलून मोरीपर्यंत न्यायचे, आणि ऊठ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघायचा नाही. त्यांनी माळही बंद केला.

मला रात्रंदिवस वेगळीच धास्ती. वजन पडलं नाही तर हाड भरणाऱ्या पेशींना वाटतं, इथे काम नाही. त्या येत नाहीत. खाणाऱ्या मात्र खात राहतात. बाईंनी मागच्या खेपेला स्पष्ट सांगितलं की ही अशीच बसून राहिली तर पुढच्या फोटोत दुसरी बाजूही पोकळ दिसेल. म्हणजे पळून मोडलं असतं ते आता बसून मोडणार. आणि बसवली कुणी, तर मी.

एकदा धीर करून मी तिला म्हटलं की तुला ते ऐकवायला नको होतं. ती भिंतीकडे बघत होती.

"ऐकवलं नसतंस तर मोडले असते," ती म्हणाली. "पण भ्याले नसते गं."

मी उठून गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीला डोकं लावून रडून घेतलं.

परवा सकाळी तिने आपणहून हाक मारली. खाटेच्या कडेला बसली होती, दोन्ही हातांनी खाटेचा माचा धरून. म्हणाली, पेटी आण. तू ऐक, मी टाकते. वाजलं तर सांग, लगेच उचलीन. तिने महिन्यांनी काहीतरी मागितलं होतं. मी धावत जाऊन पेटी आणली. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे मामा.

मी पट्टी लावली. हेडफोन घातले. आणि पेटीच्या बटणावर बोट ठेवल्यावर मला कळलं की इतके दिवस वजन न पेललेलं हाड चांगलं जुळलेलं असलं तरी टिच वाजणारच. पहिल्या पावलाला वाजणारच. ते ऐकून माझं तोंड बदलणार, ती माझं तोंडच बघत बसली आहे, आणि मग ही पोर जन्मात उठणार नाही. चांगलं टिच कुठलं आणि वाईट टिच कुठलं, हे मला स्वतःला आता ओळखता येईल का, याचीही खात्री नव्हती. डॉक्टरीणबाईंनी काढलेला हाडाचा फोटो महिन्यापूर्वीचा. त्यानंतर आत काय झालंय, ते फक्त या पेटीला ठाऊक.

मी बोट उचललं. पेटी चालू केलीच नाही.

"टाक," मी म्हटलं.

तिने टाच टेकवली. मग चवडा. मग हात माच्यावरून हळूहळू सोडले आणि सगळं वजन त्या पायावर घेतलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले होते.

"वाजलं?"

माझ्या कानांत काहीच नव्हतं, नुसता माझाच श्वास. भीतीने माझे दात एकमेकांवर आपटायला निघाले होते, मी ते आवळून धरले आणि हसले.

"नाही वाजलं," मी म्हटलं. "दुसरा टाक."